टॅपेट वाजत होते

इंजिनाचे टॅपेट लावायला झाले हे कसं ओळखायचं, ते मला वडिलांनी शिकवलं तेव्हा मी इंटर सायन्सला होते. वर्गात आम्ही तिघीच मुली. बाकी दोघींना टॅपेट हा शब्दही ठाऊक नव्हता, आणि मला तो ठाऊक आहे हे मी कोणाला सांगत नसे. वडिलांना आम्ही नाना म्हणायचो. नाना डॉक्टर होते. अमरावतीला अंबापेठेत आमच्या घराच्या पुढच्या दोन खोल्यांत त्यांचा दवाखाना होता, आणि दर रविवारी परतवाडा-अचलपूरचे रोगी बघायला ते आपली जुनी काळी विलायती गाडी काढून जात. ती गाडी ते एखादा रोगी तपासावा तशी तपासत. आधी बघणं, मग हात लावणं, मग ऐकणं. बोलायचं ते सगळ्यात शेवटी.

ते म्हणत, गाडी सकाळी थंड असताना सुरू कर आणि गप्प उभी राहा. बॉनेटखालून टिक् टिक् टिक् असा शिवणाच्या मशीनसारखा बारीक आवाज येईल. थंड इंजिनाला तो असायचाच, त्याची काळजी नको. पण वलगावपर्यंत गाडी चालली, इंजिन चांगलं तापलं, की तो विरून गेला पाहिजे. नाहीच विरला तर समजायचं, की वॉल्व आणि त्याला दाबणारी दांडी यांच्यामधली फट वाढली आहे. ती फट किती असावी, तर पोस्टकार्डाच्या जाडीएवढी. मी एकदा विचारलं, "आणि फट राहिलीच नाही तर?" नाना म्हणाले, "मग आवाजच येणार नाही. ते जास्त वाईट. वॉल्व नीट मिटत नाही, आतल्या आत जळून राहतो, आणि आपल्याला वाटतं गाडी किती छान चालून राहिली. चढावर दम टाकते तेव्हा कळतं." मग ते मला गाडीच्या मागे नेत आणि धुराच्या नळीपुढे हात धरायला लावत. फुंकर एकसारखी येते का बघ, मध्येच एखादी चुकते का बघ. स्क्रू फिरवायचा लाकडी मुठीचा लांब पेचकस होता. त्याचं टोक इंजिनाच्या झाकणावर टेकवायचं आणि मूठ कानामागच्या हाडाला. सगळी गडबड त्या मुठीतून डोक्यात शिरे, आणि पहिले कितीतरी दिवस मला त्यातलं काही वेगळं काढता येत नसे.

"दोन आवाज एकमेकांत मिसळले ना, तर एक आवाज धर आणि दुसरा त्याच्याशी ताडून बघ," ते म्हणत. इंजिनाचे दोन फेरे होतात तेव्हा वॉल्वचा एक ठोका पडतो, म्हणून टॅपेटचा आवाज नेहमी अर्ध्या चालीचा. काहीच धरता आलं नाही तर आपल्या मनगटावर बोट ठेवायचं. आपली नाडी आपल्याला फसवत नाही. महिन्या-दीड महिन्यात मला चारांतला कोणता सिलिंडर बोलतो हेही सांगता येऊ लागलं, आणि नानांच्या चेहऱ्यावर जो आनंद दिसला, तसा माझे मॅट्रिकचे मार्क बघूनही दिसला नव्हता.

घरातही नानांच्या कानांची अशीच ख्याती होती. रविवारी सकाळी लवकर जेवून निघायचं असे, आणि आई बहुतेक गोळाभात करी. भातात वाफवलेले हरभऱ्याच्या डाळीचे गोळे कुस्करायचे आणि वरून कडकडीत फोडणीचं तेल. आई चुलीवर तेल ठेवी, आणि नाना बाहेरच्या खोलीतून, वर्तमानपत्रातून डोकं वर न काढता ओरडत, "अजून व्हायचं आहे! मोहरी नीट बोलली नाही." आई हसून म्हणे, "यांना डाक्टर कोणी केलं, आचारीच करायला पाहिजे होतं." मग खरोखरच मोहरी तडतडे, तेल भातावर चर्र करून पडे आणि घरभर हिंगाचा वास सुटे. मी आता ऐंशीच्या घरात आहे, अकोल्याला एका तिसऱ्या मजल्यावरच्या घरात एकटी राहते, गोळाभात क्वचित करते. केला की तेल तापताना हात थांबतो. बाहेरून कोणीतरी हाक देईल असं वाटून जातं.

ती हाक कधी बंद झाली हे मला सांगता येत नाही. मी बी.एस्सी.ला होते त्या वर्षी दिवाळी झाली, आणि नाना एक दिवस म्हणाले, "नलू, आता रविवारी गाडी तू चालवत जा. तुझा हात बसू दे." मी हरखून गेले. लायसन नुकतंच मिळालं होतं. परतवाड्याच्या रस्त्यावर बैलगाडीवाले वळून वळून बघत, आणि मी मान ताठ करून बसे. मला ते कौतुक वाटलं. त्याच्या पंधरा दिवस आधी आसेगावजवळ मागून आलेल्या एस्टीने भोंगा वाजवून वाजवून शेवटी नाना चालवत असलेल्या गाडीला घासत पुढे मुसंडी मारली होती, हे मला कितीतरी नंतर देवरावजींकडून कळलं. देवरावजी नानांचे कंपाउंडर. ते त्या दिवशी गाडीत होते.

मार्गशीर्षातल्या एका रविवारी टॅपेट वाजू लागले. वलगाव गेलं, आसेगाव गेलं, इंजिन चांगलं तापलं, तरी टिकटिक तशीच. मी नानांकडे बघितलं. ते समोर बघत होते. मला वाटलं, परीक्षा घेऊन राहिले. मी कधी सांगते त्याची वाट बघत आहेत. मीही मनाशी म्हटलं, थोडं थांबू, कोणता सिलिंडर ते नीट ओळखू आणि मग एकदम सांगू. परतवाड्याला उतरताना नानांनी बॉनेटवर थोपटलं आणि म्हणाले, "बघ, किती शांत चालली आज."

मी किल्ली काढली आणि त्यांची पिशवी उचलून मागे गेले.

पुढच्या रविवारी आवाज वाढला. आमच्या गल्लीतली पोरं गाडी निघताना तोंडानं टकटक करून दाखवू लागली. तिसऱ्या आठवड्यात, नाना दवाखान्यात असताना, मी गाडी घेऊन एकटीच बडनेरा रस्त्यावर वहाबमिस्त्रींकडे गेले. वहाबमिस्त्री गाडी पहिल्यापासून बघत. एरवी गाडी नेली की नाना शेजारी खुर्ची टाकून बसायचे आणि दोघांत कोणता टॅपेट किती सैल यावर पैज लागायची. मिस्त्रींनी झाकण काढलं, पोलादाच्या पातळ पट्ट्यांचा जुडगा काढला आणि एकेक फट मोजत लावत गेले. फटीत पट्टी सरकवून ओढून बघायची. जराशी अडकत सरकली पाहिजे, लोण्यातून सुरी ओढल्यासारखी. मला त्यांनी एक पट्टी ओढू दिली. झाकण लावून इंजिन सुरू केलं, तर आवाज गेलेला. मिस्त्रींनी हात पुसले आणि इकडेतिकडे बघून हळू आवाजात म्हणाले, "बेटी, एक बात बोलू? रागवू नको. सायबाले कमी आयकू येते ना?"

मी म्हटलं, "तुम्हाला कसं कळलं?"

"दसऱ्याच्या टायमाले आले होते. मी म्हटलं, कोणता बोलून राह्यला, सांगा. त्यांनी दुसऱ्यावर बोट ठेवलं. दुसरा त गप होता, चौथा बोलत होता. मी म्हटलं, बराबर आहे साहब." त्यांनी पट्ट्या मिटून खिशात टाकल्या. "माह्या जिभेले काय झालं काय माहीत. इतक्या सालाची पैज, मी मुद्दाम हरलो. कोणाले बोललो नाही मी. तू बी नको बोलू."

घरी आल्यावर नानांना कळेल, विचारतील, असं मला वाटत होतं. त्या रविवारी गाडी खरोखरच शांत चालली. नाना तसेच समोर बघत बसले होते. आवाज आला तोही त्यांना कळला नव्हता, गेला तोही नाही.

मग मला एकेक दिसायला लागलं. देवरावजी पूर्वी औषधांच्या खोलीत असत, आता ते रोग्यांजवळ उभे राहू लागले होते आणि रोगी जे बोले ते पुन्हा मोठ्यानं म्हणत, "बाई म्हणते छातीत दुखते जी, डाव्या अंगाले." आई नानांशी बोलण्याआधी त्यांच्या खांद्याला हात लावी, ते वळले की मगच बोले. मी एका दुपारी तिला स्वयंपाकघरात गाठलं. ती अंबाडीची भाजी निवडत होती. "आई, नानांना ऐकू येत नाही," मी म्हटलं. तिनं हातातली काडी मोडली आणि मान खाली घालून म्हणाली, "येतं. थोडं कमी येतं. तू बाहेर काही बोलू नको."

"आई, ते नळी लावून लोकांच्या छात्या तपासतात."

"बावीस वर्षं झाली तपासून राहिले. त्यांना हात लावला तरी कळतं." मग दुसरी काडी हातात घेत, "त्यांना कोण सांगणार नलू? मी? त्यांच्याजवळ दुसरं आहे काय?"

मीही सांगितलं नाही. आता वाटतं, मला भीती नानांच्या रागाची नव्हती. ते रागावले असते तर बरं वाटलं असतं. माझं बोलणं ऐकून त्यांचा चेहरा कसा होईल, त्याची भीती होती. आणि शिवाय, खरं लिहायचं बसलेच आहे तर लिहिते, रविवारची गाडी मला सुटायला नको होती.

पौषातला एक रविवार. अचलपुरात कापडाचं दुकान असलेलं एक मुसलमान घर नानांकडे औषध घेई. त्या घरच्या सुनेचे, रशीदाचे, दिवस भरत आले होते. आतल्या बायकांना परका पुरुष नको वाटे म्हणून नाना मला सोबत आत नेत. मी जवळ बसलेली असले की तिला धीर येई. ती माझ्याच वयाची असेल. त्या दिवशी तिची सासू, तिला सगळे बडीबी म्हणत, दारातच उभी होती. "डाक्टरसाहेब, कालच्या दुपारपासून लेकरू हाललंच नाही म्हणते. रातभर वाट पाह्यली आमी." हे सगळं मी नानांना पुन्हा सांगितलं, जवळ जाऊन, मोठ्यानं. मीही आता देवरावजींसारखी झाले होते.

रशीदा खाटेवर पडून छताकडे बघत होती. नानांनी हातानं तपासलं, मग पिशवीतून लाकडी नळी काढली. एका टोकाला कर्ण्यासारखी पसरलेली, दुसऱ्या टोकाला कान टेकवायचा. पोटातल्या बाळाचे ठोके तिनं ऐकतात. नाना वाकले. एका जागी ऐकलं, दुसऱ्या जागी ऐकलं, तिसऱ्या. बाहेर अंगणात कोणीतरी मिरच्या कुटत होतं, ते बडीबीनं हात करून थांबवलं. नाना सरळ झाले, नळी पुसली आणि बडीबीला बाहेर चलण्याची खूण केली. दाराशी उभं राहून ते म्हणाले, "ठोके नाहीत. लेकरू गेलं आहे, बाई. आता तिला अमरावतीला न्यावं लागेल, नाहीतर तिच्या जिवाला धोका." त्यांना वाटलं ते हळू बोलले. ऐकू कमी येणाऱ्याला आपला आवाज कळत नाही. खाटेवर रशीदाला शब्दन् शब्द ऐकू गेला. ती रडली नाही. तिनं ओढणी तोंडावर घेतली आणि भिंतीकडे वळली.

मी तिच्या उशाशी होते. नळी खाटेच्या कडेला पडली होती. "नाना, मी ऐकू?" मी विचारलं. त्यांना ऐकू गेलं नाही. मी उठून त्यांचा हात धरला आणि पुन्हा म्हटलं. त्यांच्या कपाळावर आठी पडली. "तुला काय कळतं त्यातलं?" बडीबी म्हणाली, "आयकू द्या तिले, साहेब. तिचे कान कवळे हायेत." मी रशीदाच्या पोटावर नळी टेकवली. आधी काहीच नाही. मग एक गुणगुण, नुसती. मग धप्, धप्, धप्, आणि माझा जीव वर आला. पण तो माझ्याच कानातला ठोका असेल तर? भीतीनं माझंच काळीज धडधडत होतं. मी डाव्या मनगटावर बोट ठेवलं. माझी नाडी एका चालीनं चालली होती. नळीतला आवाज त्याच चालीचा. माझाच. मी नळी थोडी खाली, उजवीकडे सरकवली. आणि तिथे, त्या धप्धप्च्या मागे, खूप लांबून येत असावा असा, भराभर, बारीक ठोका. मनगटावर माझा एक पडे तोवर त्याचे जवळजवळ दोन पडत. मी श्वास धरला. ठोका चुकत नव्हता.

"नाना, आहे," मी म्हटलं.

त्यांनी माझ्याकडे बघितलं. माझे ओठ वाचले असावेत. ते आले, वाकले, मी जिथे बोट दाखवलं तिथेच त्यांनी नळी लावली, डोळे मिटले, बराच वेळ ऐकलं. डोळे उघडले तेव्हा त्यांना काहीही ऐकू आलेलं नाही हे मला दिसलं, आणि मला दिसलं हे त्यांनाही दिसलं. मी त्यांच्या हातातून नळी घेतली. पुन्हा कान लावला, आणि दुसऱ्या हातानं त्यांचं मनगट धरून, बाळाचा एकेक ठोका बोटानं त्यांच्या मनगटावर वाजवत गेले. त्यांनी दुसऱ्या हातानं खिशातलं घड्याळ काढलं. एक मिनिटभर आम्ही दोघं तसे होतो. "एकशे चाळीस," नाना म्हणाले. मग ते उठून बडीबीपुढे गेले आणि म्हणाले, "माझी चूक झाली, बाई. लेकरू जिवंत आहे. मला ऐकू येत नाही." हे वाक्य त्यांनी माझ्या देखत पहिल्यांदाच उच्चारलं, बहुधा स्वतःशीही पहिल्यांदाच.

रशीदाला आणि बडीबीला मागच्या सीटवर घेऊन मी गाडी अमरावतीला आणली. बायकांच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी तिला लगेच आत घेतलं. गळ्याभोवती नाळ होती. तिसऱ्या दिवशी मुलगी झाली, पहिल्यांदा निळी पडली होती, मग रडली. बडीबीनं घरी पेढे पाठवले. नानांनी त्यातला एकही खाल्ला नाही.

पुढच्याच आठवड्यात ते म्हणाले, "मला अकोल्याला ने." अमरावतीत कानाचे डॉक्टर होते, पण अकोल्याचे त्यांचे कॉलेजातले सोबती होते. तिथे त्यांनी चिमट्यासारखा नादकाटा वाजवून कानापाशी धरला, हाडावर टेकवला, पडदा बघितला. धारणीला नोकरीत असताना तुला किती वेळा हिवताप आला होता, असं विचारलं. नाना म्हणाले, मोजले नाहीत. आणि त्यावर ते कानाला बाधणारं कोयनेल किती खाल्लंस? तेही मोजलं नाही. सोबत्यानं कागदावर लिहून दिलं, कारण बोलणं दोघांनाही अवघड जात होतं: पडदा चांगला आहे, आतली नस गेली आहे, परत येणार नाही. नानांनी त्याच कागदावर खाली लिहिलं, "केव्हापासून?" उत्तर आलं, "दोन वर्षं तरी."

परत येताना मूर्तिजापूरच्या पुढे नानांनी एका कडुनिंबाखाली गाडी थांबवायला सांगितली. आईनं दिलेली भाकरी आणि लसणाची चटणी आम्ही बॉनेटवर उघडून खाल्ली. मी तेव्हा सांगितलं. टॅपेट वाजत होते, मी मिस्त्रींकडे गेले होते, मला दीड महिना माहीत होतं. त्यांच्या कानाशी ओरडून सांगावं लागलं, आणि असं काही ओरडून सांगता येत नाही. दर वाक्याला माझा आवाज फाटत होता. ते ऐकत राहिले. मग म्हणाले, "मलाही माहीत होतं, नलू. तुझ्याआधीपासून. छातीला नळी लावायचो आणि काही ऐकू आलं नाही की म्हणायचो, छाती साफ आहे." त्यांनी फडक्याला हात पुसले. "दोन वर्षं सगळ्यांची छाती साफ होती."

दवाखान्याची पाटी त्यांनी दुसऱ्या दिवशी स्वतः उतरवली. नंतर आम्ही अकोल्याला आलो. तिथे त्या सोबत्याच्या दवाखान्यात त्यांनी कितीतरी वर्षं सूक्ष्मदर्शकाखाली रक्ताच्या काचा तपासल्या. डोळे शेवटपर्यंत चांगले होते. मी डॉक्टर झाले नाही. व्हावंस, असं तेही कधी म्हणाले नाहीत. मी कॉलेजात फिजिक्स शिकवलं, ध्वनीचं प्रकरण दर वर्षी मीच घेत असे. पण अमरावती सोडण्याआधी नानांनी एक काम काढलं. रोग्यांच्या वह्या घेऊन ते देवरावजींबरोबर बसले आणि दोन वर्षांत ज्यांची छाती तपासली त्या सगळ्यांची नावं वेगळी काढली. आई म्हणाली, "अहो, कशाला? गेलं ते गेलं. लोक काय म्हणतील?" त्यांनी तिचे ओठ वाचले आणि वहीचं पुढचं पान उलटलं. मग महिनाभर, कॉलेज बुडवून, मी त्यांना दारोदार नेलं. प्रत्येक दारात ते उभे राहून तेच बोलत: "मी तुम्हाला तपासलं तेव्हा मला नीट ऐकू येत नव्हतं. दुसऱ्या डॉक्टरांना एकदा दाखवून घ्या." काही हसले. काहींनी आत बोलावून चहा दिला. एका वकिलानं अंगणात उभं करून तोंडाला येईल ते सुनावलं, आणि नानांना त्यातलं निम्मं ऐकू गेलं नाही याचं मला बरं वाटलं. बहुतेकांना ते कशाला आले हेच समजलं नाही.

परतवाड्याला लाकडाच्या वखारीवर एक चौकीदार होता. भाद्रपदात नानांनी त्याची छाती तपासून खोकल्याचं औषध दिलं होतं. कार्तिकात तो गेला. हे वहीत नव्हतं. दारात गेल्यावर कळलं. त्याची बायको, गंगूबाई, ओट्यावर तुरीच्या शेंगा सोलत बसली होती. नानांनी आपलं नेहमीचं वाक्य सुरू केलं. ती मध्येच म्हणाली, "थे त गेले ना बाप्पा. आता तीन महिने होतीन." तिचं कपाळ मीच आधी बघायला पाहिजे होतं. मी नानांच्या कानाशी सांगितलं. मग त्यांनी उरलेलं वाक्य पूर्ण केलं. मला तेव्हा ऐकू येत नव्हतं, असं तिला सांगितलं.

तिनं सूप बाजूला ठेवलं. नानांकडे वळून विचारलं, "तुमाले आयकू आलं असतं त वाचले असते काय थे?"

नानांना कळलं नाही. ते माझ्याकडे वळले. "काय म्हणते?"

मी काहीही सांगू शकले असते. ती म्हणते जाऊ द्या, देवाची मर्जी, असं म्हटलं असतं तर त्यांना कधी कळलं नसतं. गंगूबाई माझ्याकडे बघत होती. शेजारच्या ओट्यावरच्या दोन बायका बघत होत्या. मी नानांच्या उजव्या कानापाशी वाकले आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं तिचा प्रश्न जसाच्या तसा विचारला.

नाना म्हणाले, "सांगता येत नाही, बाई. वाचले असते, असं होऊ शकतं."

गंगूबाई रडेल, दार लावेल, शिव्या देईल, असं मला वाटलं. ती उठली, आतून पोतं आणलं, ओट्यावर अंथरलं. "मंग बसा," ती म्हणाली. "आता आयका." आणि तिनं नवऱ्याच्या आजारपणाचे दिवस पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली. कोणत्या दिवशी ताप आला, कोणत्या दिवशी त्यानं भाकरी सोडली, कोणत्या दिवशी थुंकीत रक्त दिसलं, कोणत्या दिवशी म्हणाला की डाक्टर म्हणते छाती साफ हाये तर साफच असंन. ती एक वाक्य बोलून थांबे. मी ते नानांच्या कानाशी मोठ्यानं म्हणे. नाना मान हलवत, मग ती पुढचं बोले. ऊन ओट्यावरून उतरून अंगणात गेलं. तिनं एकही दिवस गाळला नाही. मीही गाळला नाही.